उम्म अल हस्सममधलं बोलोन्या

हॉटेलात किस्से सिंकमधल्या भांड्यांसारखे साठतात. एक घासून ठेवावं, तोवर वर चार येऊन पडतात. बहरैनच्या उम्म अल हस्सम भागातलं आमचं छोटं इटालियन हॉटेल तर या बाबतीत जरा जास्तच श्रीमंत! मी तिथे वेटर, गाव चिपळूण.

शेफ ब्रुनो बोलोन्याचा. उत्तर इटलीतलं हे शहर खाण्यासाठी वेडं आहे म्हणतात. मी ते पाहिलेलं नाही, पण ब्रुनोला पाहिलंय! "मेरे किचन में सब बोलोन्या जैसा खाएगा," हा त्याचा पहिला नियम. त्याचा उजवा हात म्हणजे गुहागरचा आमचा दत्ता.

यंदा ब्रुनोने कायमचं घरी परतायचं ठरवलं आणि आमचा अरबाब, म्हणजे मालक, म्हणाला, "शेफ गेला की इथे बर्गर." दत्ता हे किचन सांभाळेल, एवढं ब्रुनोने सांगितलं असतं तर अरबाब ऐकणार होता. पण ब्रुनो तोंडच उघडेना. बर्गरवाल्याला आम्ही कशाला लागतोय? सगळ्यांचे व्हिसा त्या एका शब्दावर अडकले होते. असो, आधी बाकीचं सांगतो.

*

एकदा आपल्याकडच्याच एका गिऱ्हाइकाने स्पॅगेटी बोलोन्येज मागितली. ब्रुनो स्वतः बाहेर आला. "सर, बोलोन्या में ये नहीं मिलता. कीमे का रागू हम चौड़ा पास्ता पे डालते हैं."

गिऱ्हाईक तडकलं. "मुझे मत सिखाओ, मैं दो बार रोम जाके आया हूँ!"

"वही तो प्रॉब्लेम है, सर!"

साहेबांनी मुकाट्याने रुंद पट्ट्या खाल्ल्या आणि दुसरी प्लेट मागवली.

*

रफीकभाई दापोलीचे. आमची सामानाची व्हॅन चालवतात. ब्रुनोने त्यांची जेवणानंतरची कॅपुचिनो बंद केली. "दूधवाली कॉफी सुबह. खाने के बाद काली!"

"आता पोटालापण शिफ्ट लावायची काय?" रफीकभाई वर्षभर कुरकुरत होते. मग लीव्हवर गावी गेले. सासुरवाडीला मटणाचं जेवण झालं, सासऱ्यांसमोर दुधाचा चहा आला. रफीकभाईंनी कपावर हातच ठेवला. "अब्बा, जेवणावर दूध नाही!"

सासऱ्यांनी मुलीला आत बोलावून विचारलं, "जावई बहरैनला व्हॅन चालवतो की दवाखाना?"

*

रागूला मंद आचेवर चार तास लागतात. एकदा अरबाबचा भाऊ किचनच्या दारात येऊन "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करायला लागला. एरवी त्याच्यासमोर आमची मान वर होत नाही. दत्ताने झाकणसुद्धा उचललं नाही. "बाबा, ये इंशाल्लावाला खाना है. जब होगा, तब होगा!"

भाऊ हसून बाहेर बसून राहिला. मला त्या दिवशी दत्ताचा फार अभिमान वाटला.

*

बोलोन्याचं खरं नाक म्हणजे तोर्तेल्लिनी. सारण भरून करंगळीवर वळलेला पास्ता, गरम सूपमध्ये. इतका लहान की एका चमच्यात सात-आठ बसले पाहिजेत. दत्ताची बोटं जाड. त्याने दोन वर्षं रोज वळून वळून ते हातात बसवलं.

मग गणपतीला घरी गेला आणि आईला मदत म्हणून मोदक वळायला बसला. म्हातारीने ताट बघितलं. "रं दत्त्या, ह्ये मोदक हायत की वाटाणं? देव उपाशी जाईल की!"

*

शेवटी ब्रुनोला न्यायला त्याची आईच आली. ऐंशीच्या पुढची, हातात काठी. बाईंनी दिसेल त्याचं कौतुक केलं. एअरपोर्ट "बेल्लो!", अरबाबच्या घरचा मचबूस भात "बेल्लो!", माझा शर्ट "बेल्लो!" रफीकभाईंचं ड्रायव्हिंगसुद्धा, ज्याला आजवर कुणी बरं म्हटलेलं नाही!

शुक्रवारी दुपारी दत्ताने त्यांच्यासाठी तोर्तेल्लिनीचं सूप केलं. ब्रुनोसकट आम्ही सगळे किचनच्या दाराआड. बाईंनी एक चमचा तोंडात घातला आणि कपाळाला आठी पडली. वाडगा मात्र त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. मग काठी टेकत थेट किचनमध्ये!

"बेल्लो" कुठलं? बाईंनी दत्ताला फैलावरच घेतलं. इटालियन आम्हाला येत नाही, पण हातवारे कळत होते. पास्ता जाड आहे, मीठ कमी आहे, केस विंचरलेले नाहीत, नीट उभासुद्धा राहत नाहीस! दहा मिनिटं झाली तरी थांबेनात. मध्येच त्याला गर्रकन फिरवून त्याच्या अ‍ॅप्रनची नाडी सोडली आणि पुन्हा घट्ट बांधली. दत्ता मान खाली घालून उभा, कान लालबुंद. संपलं सगळं, मी मनात म्हटलं.

"शेफ," दत्ताने हळूच विचारलं, "मम्मा क्या बोली?"

ब्रुनोने डोळे पुसले. "पचास साल से मेरे को जो बोलती है, वही."

आणि खिशातून फोन काढून त्याने अरबाबला लावला. "अरबाब? बर्गर खलास!"