बारवेपर्यंत न बसता

माझी दोन धोतरं, तीन सदरे, शाल आणि दवाईचा डबा, एवढं सगळं मुलानं एका बॅगेत भरलं आणि बॅग गाडीच्या डिक्कीत नेऊन ठेवली. मला विचारलं नाही. पावसाळ्यात मी न्हाणीत घसरून पडलो होतो. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच होतं, बापाला अमरावतीला न्यायचं. तिथं त्याचा तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. मी तिथं एकदा नऊ दिवस राहिलो होतो. नवव्या दिवशी मला कळलं की एवढ्या दिवसांत माझा पाय मातीला लागलाच नाही.

आमचं गाव हिवरखेडच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी. मी दुसरीपर्यंत शिकलो. पुढं शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, ते आता आठवत नाही. पण या गावची प्रत्येक वाट मला पाठ आहे, आणि ती सोडून मी जाणार नव्हतो.

"अमरावतीत काय करू मी? लिफ्टमंदी खालवर करू दिवसभर?"

"बाबा, इथं तुमच्याकडे कोण पाहते? चालणं होत नाही तुमाले."

"कोण म्हणते?"

"मी म्हणतो. गल्लीच्या तोंडापर्यंत जाता अन् पारावर बसता. सारं गाव सांगते मले."

हे खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं. पडल्यापासून मी पाराच्या पुढं गेलो नव्हतो. पण खरं असलं म्हणून काय झालं? मी उठून उभा राहिलो.

"उद्या सकाळी बारवेवर जाऊ. जुन्या वाटेनं, पानमळ्यातून. समदे जण. जाऊन येऊन दीड कोस. रस्त्यात मी एक डाव जरी बसलो, तर घरात न शिरता तुह्या गाडीत बसतो. नाही बसलो, तर बॅग बाहेर. अन् पुन्हा हा विषय काढायचा नाही."

मुलगा हसला. सून म्हणाली, "मामाजी, कावून जिद्द करता?" नात चौथीत आहे. तिनं आपल्या मनानंच पंचाचं काम घेतलं. "मी पाहीन. टेकलात तरी आउट, आबाजी."

सकाळी निघालो. पौषातली थंडी, तुरी उभ्या, सातपुडा निळा दिसत होता. मुलाच्या पायात डोंगर चढायचे बूट, नारंगी नाड्यांचे. माझ्या पायात वहाणा. वेशीतून बाहेर पडताना नातीनं वर पाहिलं. आमची वेस दगडी आहे, दरवाजा कधीच गेला, पण कमान अजून ताठ आहे. "एवढी उंच कावून?" तिनं विचारलं. "अंबारीसकट हत्ती जावा म्हणून," मी सांगितलं. हत्ती मी काही पाहिला नाही, पण माझ्या बापानं मला असंच सांगितलं होतं. पुढं गढी लागली. लोकांनी माती नेऊन नेऊन ती अर्धी केली आहे. आमच्या घराच्या भिंतीतही तिची पांढरी माती आहे, हे मी नातीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आपण किल्ल्यात राहतो!" मी म्हणालो, "तू कुठं राहतं? तू तर फ्लॅटात राहतं." मुलानं ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

ओढा ओलांडला की पानमळा. मळेवाला माझ्याच वयाचा, लहानपणापासूनचा सोबती. फाटकाशी उभा होता.

"काय रे बुढ्या, आज फौज घेऊन निघाला?"

"बारवेवर चाललो."

"तू? पारावर जाऊन माघारी येशील!" असं म्हणून तो मोठ्यानं हसला. मी वहाणा काढल्या.

पानमळा म्हणजे आमच्याकडे देवळासारखा. देवाला पान जातं, लग्नाला पान जातं, म्हणून मळ्यात कोणी पायतण घालून शिरत नाही. हातात धरून नाही, पिशवीत घालूनही नाही. चार जोड फाटकाशी ओळीनं ठेवले आणि आम्ही आत शिरलो. आत एकदम गारवा. शेवरीच्या उंच झाडांवर वेल बांधलेले, दोन्ही बाजूंनी हिरव्या भिंती, मधून एक माणूस जाईल एवढीच वाट, पायाखाली ओली माती. "आबाजी, एसी लावला काय इथं?" नात हळूच म्हणाली. तिची आजी होती तेव्हा तिनं या मळ्यात किती हंगाम पानं खुडली. पान खुडायचं तर देठासकट, आणि नखाचा डाग पडू द्यायचा नाही. मी नातीला एक पान खुडून दाखवलं. हात अजून विसरला नव्हता.

आणि मळ्याच्या त्या टोकाच्या फाटकातून बाहेर पडलो तेव्हा सगळ्यांनी आपापल्या पायांकडे पाहिलं.

चपला-बूट मागच्या फाटकाशी. बारव पुढं. आत न्यायची मनाई, आणि बाहेरून वळसा घालून आणायचे तर ओढ्याकाठानं तासभर गेला असता. आम्ही तरुणपणी वहाणा घरीच ठेवून निघायचो, त्यामुळं ही अडचण मला कधी पडलीच नव्हती. चूक झाली असं मी म्हणणार नाही. विसरलो.

"आता?" सून म्हणाली.

"आता काय! मी चाललो," असं म्हणून मी शेतांमधल्या पांदणीला लागलो.

मुलगा म्हणाला, "तुमी अनवाणी जाता तर मीबी येतो." माझंच रक्त ते, माघारी कसं फिरेल?

पांदणीत वाळलेली ढेकळं, गोटे, बाभळीचे काटे. नात कडेच्या गवतावरून चालली. सून चांदूर बाजारच्या शेतकऱ्याची लेक, ती मजेत चालत होती. मुलगा मात्र तापलेल्या तव्यावर चालल्यासारखा. "अरे बाप्पा! हे काय आहे? आई गं!" प्रत्येक पावलाला एक. मी मागं वळून पाहत नव्हतो, पण कान मागंच होते.

खरं सांगतो, अर्ध्या वाटेत माझा गुडघा बोलायला लागला. तिथं एक बसका दगड आहे. वाटेनं जाणारा प्रत्येक माणूस त्याच्यावर बसतो, इतका की तो घासून गुळगुळीत झाला आहे. मी त्याच्याजवळ थांबलो. हात ठेवला. दगड उन्हानं कोमट झाला होता. मन म्हणालं, घडीभर. तेवढ्यात नात समोर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आबाजी, हात ठेवला तर चालते. बसायचं नाही."

मी हात उचलला आणि पुढं निघालो.

बारव आली. काळ्या दगडाची, चारी बाजूंनी खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या, तळाशी हिरवट पाणी, कोनाड्यात शेंदूर फासलेला देव. पायऱ्यांची धार अजून अशी आहे की काल घडवल्यासारखी. मी उतरलो, एकेक पायरी, भिंतीला हात न लावता. पाण्याचा हात डोळ्यांना लावला. पोहोचलो होतो.

वरून मुलाचा आवाज आला, "मेलो!" तो पायऱ्यांवर बसला होता आणि एक पाय हातात धरला होता. बाभळीचा काटा शिरून आतच मोडला होता.

काटा काढायचा तर मी खाली बसायला हवं. सगळ्यांच्या ते लक्षात आलं. नातीचं तोंड एवढंसं झालं. मुलगा म्हणाला, "बाबा, बसा तुमी. मी काही म्हणत नाही. पैज सोडली."

"तू सोडली असशील. मी नाही सोडली. हालू नको."

तो वरच्या पायरीवर होता. मी तीन पायऱ्या खाली उभा राहिलो, तेव्हा त्याचं पाऊल बरोबर माझ्या छातीशी आलं. "माय, पिन दे." सुनेनं ओढणीची पिन काढून दिली. डोळ्यांनी मला काटा दिसत नाही आता, पण काटा डोळ्यांनी सापडतच नाही, तो अंगठ्यानं सापडतो. दाबत गेलो. एका जागी मुलगा ओरडला. तिथंच पिन घातली. लहानपणी याच पोराचे किती काटे मी मांडीवर पाय घेऊन काढले होते. पाऊल मोठं झालं, पण तेवढंच मऊ. काटा निघाला तेव्हा मी तो नखावर घेऊन त्याला दाखवला. तो काट्याकडे पाहत नव्हता, माझ्याकडे पाहत होता.

"चाल," मी म्हणालो.

येताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. तो लंगडत, मी सरळ. बसक्या दगडापाशी नात मला म्हणाली, "आबाजी, बाबाले बसू द्या ना थोडं." तो बसला. मी त्याच्याजवळ उभा राहिलो. गुडघा काय म्हणत होता ते मी कोणाला सांगितलं नाही.

मळ्यातून परत फाटकाशी आलो तर सोबती तिथंच.

"काय रे, कोण कोणाले घेऊन येऊन राहिलं?" त्यानं विचारलं.

"तूच पाह्य," मी म्हणालो आणि वहाणा पायात घातल्या. तो हसला नाही. त्यानं एक विडा लावला आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला.

गावात शिरलो. पारावर चारदोन जण होते. "बसा ना जी," म्हणाले. "घाई आहे," म्हणून मी पुढं गेलो. घरी ओट्यापाशी आलो. सुनेनं खाट टाकली. मी उभाच.

"आता तरी बसा बाबा. पोचलो ना," मुलगा म्हणाला.

"बॅग काढ. मग बसतो."

मुलगा लंगडत गाडीपर्यंत गेला. डिक्की उघडली, बॅग घेऊन घरात गेला. मी दारातून पाहत होतो. त्यानं धोतरं दांडीवर टाकली, सदरे खुंटीला अडकवले, दवाईचा डबा कोनाड्यात ठेवला, जिथं होता तिथंच. मग बाहेर येऊन माझ्यासमोर उभा राहिला.

"न्हाणीत धरायले एक लोखंडी दांडा बसवून देतो. त्याले तरी नाही म्हणू नका."

"दांड्याले मी कधी नाही म्हणालो?"

नातीनं हात वर करून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "आबाजी नॉट आउट!"

मग मी बसलो.