नंबर दोनची जागा

मी तेलगावकडचा. आई-बाप ऊसतोडीला जायचे आणि भरती होईपर्यंत मीही त्यांच्याबरोबर जायचो. पलटणीत मला रॉकेट लाँचरवर घेतलं तेव्हा माझा जोडीदार म्हणाला, "आता ऊसतोड्या शिकवणार होय आम्हाला?" तो साताऱ्याचा, तीन पिढ्या फौजेत. लाँचर खांद्यावर घेऊन नेम धरायचा तो नंबर एक, मागून गोळा भरायचा मी नंबर दोन. मला असा राग आला होता, पण काम चोख करूनच याचं तोंड बंद करायचं, हे मी ठरवून टाकलं.

लाँचर म्हणजे दोन्ही तोंडं उघडी असलेली जाड नळी. रणगाडा फोडणारा गोळा पुढून सुटतो आणि त्याच क्षणी मागून आगीचा लोट निघतो. म्हणूनच खांद्याला धक्का बसत नाही. काय डोकं लावलंय करणाऱ्यानं! पण तेव्हा मागे कुणी उभा असला, तर त्याचं काही खरं नाही.

हे मला तोंडपाठ होतं. तरी सरावात खोटा गोळा भरला, नळीमागचं भोकाचं झाकण लावलं, 'भरला' म्हणून जोडीदाराच्या खांद्यावर थाप मारली आणि सरळ त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो.

"मागं कशाला गेलास?" आम्हाला शिकवणारे उस्ताद कडाडले.

"उस्ताद, आमच्याकडं मोळी डोक्यावर दिली की मागंच थांबतेत. माणूस फळीवरून ट्रकात चढंपर्यंत. तोल गेला तर धरायला कुनी नको का?"

सगळे खो खो हसले. उस्ताद हसले नाहीत. "उद्या खरा गोळा आहे. पुन्हा मागं दिसलास तर लाँचर सोडायचा आणि लंगरात भांडी घासायची."

दुसऱ्या दिवशी खरा गोळा भरला. पाय मागे वळत होते, मी ते जागच्या जागी दाबून धरले. थाप मारण्याआधी मागे नजर टाकणं हे नंबर दोनचंच काम. पाहतो तर उस्ताद स्वतःच, दुर्बीण डोळ्याला लावून, सरकत सरकत नळीच्या बरोबर मागे आलेले.

"थांब बे! मागं मानूस हाय!" मी ओरडलो.

जोडीदाराने घोड्यावरचं बोट काढलं. उस्तादांनी खाली पायांकडे पाहिलं आणि झटकन बाजूला झाले. मग मी थाप मारली. समोरच्या जुन्या रणगाड्याला गोळा बरोबर बसला. मागचं गवत जळून काळं पडलं होतं. आयुष्यात स्वतःचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

"उस्ताद," जोडीदार म्हणाला, "नंबर दोन मला हाच पाहिजे."

उस्तादांनी कपाळावरचा घाम पुसला. "मलापण," ते म्हणाले.