तार ताणायला औरंगाबादला

माझे वरचे दात इतके पुढं होते की ओठ मिटत नसत. शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी औरंगाबादच्या सरकारी दवाखान्याची चिठ्ठी दिली. तिथं मुलांच्या दातांना फुकट तार बसवतात, हे मानवतजवळच्या आमच्या गावात कुणाला ठाऊकच नव्हतं.

चुलते म्हणाले, "पोरीच्या दातापायी कामं सोडून कोण जातंय?"

"मी जाते," आई म्हणाली. "तिला तोंड मिटून घास खाता येत न्हाई."

दर महिन्याला आम्ही पहाटेची गाडी धरायचो. आईची त्या दिवसाची मजुरी बुडायची, धाकटी बहीण काकूपाशी राहायची. दवाखान्यात दुपारपर्यंत बाकावर बसून राहायचं. नंबर लागला की तिथं शिकणाऱ्या एक डॉक्टरीणबाई तार ताणायच्या. त्याला चहा पिण्याइतकाही वेळ लागत नसे. घरी पोचेस्तोवर दिवस मावळलेला असायचा. जबडा ठणकायचा, मी भाकरी दुधात कुस्करून गिळायची.

मग विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद सुरू झाले. एस.टी. बंद, गाड्यांचा भरवसा नाही. त्यातच माझी तार तुटून गालात रुतली. "पकडीनं तोडून टाक," काकू म्हणाली. आईनं तसं करू दिलं नाही, टोकाला मेण लावत राहिली.

अखेर पोचलो, तर त्या बाई शिक्षण संपवून गेल्या होत्या. नवे डॉक्टर म्हणाले, "दात परत सरकलेत. अजून वर्षभर यावं लागेल."

आई मटकन बाकावर बसली. "साहेब, तार फुकट हाय, पर यायचा दिवस फुकट न्हाई. आमच्या परभणीला होत न्हाई का हे?"

"तिथं या कामाचा डॉक्टरच नाही." त्यांनी नावांची वही पुढं ओढली. "असं करू. तुमच्या भागातली पोरं मी एकाच दिवशी बोलावतो. गाडीतून उतरून थेट माझ्याकडं या. दुपारच्या गाडीनं परत."

त्यांनी शब्द पाळला. तार निघाली त्या दिवशी आईनं माझ्या मिटलेल्या ओठांवरून बोट फिरवलं.

पुढं बहिणीचेही दात तसेच आले. तोवर त्या डॉक्टरांची बदली झाली होती, आईचे गुडघे गेले होते. "पुढच्या साली जाऊ," असं ती म्हणत राहिली, आणि तशाच दातांनी बहिणीचं लग्नही झालं.

बहिणीनं कधी बोलून दाखवलं नाही. मीच एकदा विषय काढला.

"आई थकली होती ना," एवढंच म्हणाली, आणि पानं वाढायला उठली.