तळवे पाहणाऱ्या सिस्टर

पांढुर्ण्याच्या दवाखान्यातल्या आमच्या सिस्टर बाळाचा चेहरा आधी कधीच पाहत नसत. नाक कुणाचं, डोळे कुणाचे, याची घरच्यांत चर्चा रंगलेली असताना त्या दुपट्याचं खालचं टोक उचलून तळवे पाहत. सगळे त्यांना ‘तळवेवाल्या सिस्टर’च म्हणायचे. “कावीळ डोक्याकडून पायाकडे उतरते जी,” त्या सांगत. “तळव्याले पोचली म्हणजे लय झाली.”

माझी लेक जन्मली, त्याला एक दिवसही पुरा झाला नव्हता. सिस्टर तिला खिडकीशी घेऊन गेल्या. कपाळावर बोट दाबून उचललं, मग छातीवर; दाबल्या जागी कातडी पिवळी दिसत होती. एरवी सतत थट्टा करणाऱ्या बाई थेट माझ्याकडे वळल्या.

“तिसऱ्या दिवशी पिवळी झाली असती तं मी एवढी घाबरली नसती. बहुतेक पोरं होतात, अन् बरीही होतात. पण पहिल्याच दिवशी? हे नाही चालत.”

डोळ्यांच्या अंदाजावर त्या थांबत नसत. “डोळा फक्त संशय घेते, खरं रक्त सांगते,” म्हणत त्यांनी लगेच नमुना पाठवला. डॉक्टरांनी समजावलं : माझा रक्तगट ओ, लेकीचा ए; माझ्याकडून गेलेल्या घटकांमुळे तिच्या रक्तपेशी भराभर फुटत होत्या. कावीळ फार वाढली तर मेंदूला धोका. मला रडू फुटलं.

सासूबाईंना कारण आधीच सापडलं होतं. “हिनं नऊ महिने संत्री खाल्ली!”

“मग आपल्या पांढुर्ण्यात सगळेच पोट्टे नारंगी झाले असते न बाप्पा!” सिस्टर म्हणाल्या. रडता रडता मी हसले.

सासूबाईंना मोहगावच्या एका म्हाताऱ्याकडे नेऊन बाळाला काविळीची माळ घालायची होती. नाहीतर निदान अंगणातलं कोवळं ऊन. मला वाटलं, आता भांडण होणार. सिस्टर त्यांच्याशेजारी बसल्या. “माय, माळ इथं आणा, मी खाटेले बांधतो. पण पोरगी इथून हलवू नका. उन्हाच्या भरवशावर राहायची ही कावीळ नव्हे.” माळ आली, खाटेला बांधली गेली. सासूबाईही खाटेशी बसल्या.

डोळ्यांवर पट्टी बांधून लेक कावीळ उतरवणाऱ्या निळ्या दिव्याखाली निजली. सिस्टर दर दोन तासांनी मला उठवत. “दूध पाजा. पोटात गेलं तं शीमधून पिवळेपण बाहेर जाते.” बाळ झोपाळू झालं की त्या तळव्यावर टिचकी मारत आणि रागावत, “काय झोपून राहिली वं, मायनं काय तुले झोपाले आणलं?” चौथ्या दिवशी रक्तातल्या काविळीचा आकडा उतरला. सासूबाईंनी सिस्टरांच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली.

यंदा सिस्टर निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमाला मी पहिलीतल्या लेकीला सौसरहून घेऊन गेले. सगळी हकीकत सांगितली. सिस्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या, मग मोकळं हसल्या.

“नाही आठवत जी. बरी होऊन घरी गेलेली पोरं मी विसरून जातो.” त्यांनी लेकीपुढे पेढा धरला. “उशिरा आणलेली दोन होती. त्यांची नावं मात्र पाठ हायेत.”

लेकीनं त्यांच्या हातातला पेढा बिनदिक्कत उचलला आणि खाऊन टाकला.

“पाहा,” त्या म्हणाल्या, “हिले मी कायले ध्यानात ठेवू?”