आगाऊ साक्ष

आमचे हे आखातात, मुसफ्फात फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर होते, आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत बायबलातलं वचन समजावून सांगायचे. पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती गुरूंचं त्यांना भारी वेड. म्हणायचे, प्रभूनं एकदा पाण्याचा द्राक्षारस केला तर आपण तोंडात बोटं घालतो. पण प्रत्येक द्राक्षवेल दरवर्षी तेच करते, त्याचं कुणाला काही नाही. रोजचं झालं की नवल संपतं. मी म्हणायचे, "रोजचा स्वयंपाक मी करते, त्याचं नवल करा आधी." हे नुसते हसायचे.

मग यांच्या यकृतात कॅन्सर निघाला. डॉक्टरही इन्शाल्ला, देवाची मर्जी, म्हणाले, तेव्हा मला काय ते कळलं. लेबर कॅम्पातली आमच्या नगरकडची पोरं यांच्यासाठी उपास धरू लागली.

देवानं काही केलं की मंडळीत उभं राहून साक्ष द्यायची, अशी आमची पद्धत. एका मावशींनी ठरवलं की विश्वास असेल तर साक्ष आधीच द्यावी. "भाऊ बरे झालेत," असं सांगून त्या मोकळ्या झाल्या. आगाऊ साक्ष म्हणे. आगाऊपणाच तो. सगळे यांच्याकडे बघायला लागले. मला वाटलं, हे नीट समजावतील. पण ती पोरं आठवड्याची एकुलती एक सुट्टी सोडून आली होती. हे खुर्चीला धरून उठले आणि म्हणाले, "हो, बरा आहे मी." टाळ्या पडल्या, देवाची उपकारस्तुती झाली.

घरी आल्यावर पलंगावर पडले, तोंड भिंतीकडे. "अगं, घरात तरी मला आजारी राहू दे."

त्यानंतर मी कुणालाच घरी येऊ दिलं नाही. मावशींना फोनवरच सांगितलं, आता पुरे, खलास. मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

शेवटी हॉस्पिटलात सकाळी डोळे उघडले की खिडकीकडे बघून म्हणायचे, "अगं, उजाडलं." बाहेर काय, तर धुळकट आभाळ आणि क्रेन. रात्रभर खुर्चीत बसून माझी पाठ धरलेली. एकदा चिडून म्हटलं, "अहो, रोजच उजाडतं."

"हो ना," म्हणाले, "रोज." आणि बघत राहिले.

एका पहाटे हे गेले. मी हात धरून बसले होते. थोड्या वेळानं खिडकीत उजेड आला. यांच्याशिवाय उजाडलंच कसं, याचं आयुष्यात पहिल्यांदा मला नवल वाटलं.