रविनाचा सत्कार

आमच्या कॉलेजात गणित घेणारी मुलं दोन प्रकारची असतात. काहींना दुसरीकडे प्रवेश मिळालेला नसतो आणि काहींना बी.एड. करून शाळेत चिकटायचं असतं. दोन्हींत वाईट काही नाही. पण गणित आवडतं म्हणून आलेलं मूल मला उल्हासनगरात इतक्या वर्षांत एकच भेटलं. ती रविना.

बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या अंगाला डोंगराखाली तिची वाडी आहे. बाप बारकू पावसात भात लावतो आणि एरवी बदलापुरातल्या बांधकामांवर जातो. आई नवसी उन्हाळ्यात करवंदं, जांभळं घेऊन कुळगावच्या बाजारात बसते. बाकीची मुलं विचारायची, "सर, हे परीक्षेला येणार का?" रविना विचारायची, "सर, पण हे असंच का?" तास संपायला आलेला असे, मला चहाची तल्लफ आलेली असे आणि हिचं 'असंच का' चालू. वैताग यायचा. घरी गेल्यावर मात्र मी तोच प्रश्न घेऊन बसायचो.

दक्षिणेतल्या एका संस्थेत दर मे महिन्यात गणिताचं शिबिर भरतं. महिनाभर राहणं, जेवण, जाण्यायेण्याचं भाडं, सगळं त्यांचं. परीक्षा नाही, मार्क नाहीत. सकाळी एक प्रश्न देतात आणि दिवसभर त्याच्याशी झोंबायचं. भोवती देशभरातली तशीच खुळी पोरं आणि गणित हाच ज्यांचा धंदा अशी माणसं. वर्गात मी जे कधीच देऊ शकलो नसतो, ते तिथे होतं. फक्त दुसऱ्या वर्षाच्या मुलांना घेतात, म्हणजे आयुष्यात एकदाच. अर्जात आवडीचा एक प्रश्न आपल्या शब्दांत समजावून सांगायचा होता. रविनाने लग्नातली हळद घेतली. दोघी भेटल्या की एकमेकींना हळद लावतात असं धरलं, तर ज्यांनी विषम संख्येइतक्या बायकांना हळद लावली, अशा बायकांची संख्या नेहमी समच का निघते, हे तिने लिहिलं. वाचून मला इतका आनंद झाला की स्टाफरूममध्ये ज्याला त्याला धरून ऐकवत सुटलो.

तिची निवड झाली. नियम एकच होता. रविवारी संध्याकाळपर्यंत हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्याला. शनिवारी संध्याकाळी कल्याणहून गाडी होती आणि तिकीट मीच काढलं होतं.

तिच्या भावाने, विकासने, ही बातमी मोबाइलवर सगळ्यांना पाठवली. तिथून ती दौलतरावांकडे पोचली. दौलतराव म्हणजे त्या भागातले पुढारी. वाडीचा रस्ता त्यांनी केला आणि नळही तेच आणणार आहेत, असं निदान ते म्हणतात. त्यांनी सत्कार जाहीर केला, शनिवारी सकाळी. वाडीच्या वळणावर बॅनर लागला. त्यावर दौलतरावांचा हात जोडलेला भलामोठा फोटो आणि कोपऱ्यात रविनाचा आधार कार्डावरचा. खाली लिहिलं होतं, 'गणितरत्न'. आमच्याकडे माणूस पुढे गेला की आधी त्याला थांबवून शाल घालायची पद्धत आहे.

शनिवारी वाडीतलं कुणी कामावर गेलं नाही. मांडव घातला, भाड्याच्या खुर्च्या आल्या. दौलतराव एका लग्नात अडकले होते. दुपारी येतो म्हणाले. दुपारी निरोप आला, चारला येतो. चारनंतर निरोप आला की आज काही जमत नाही, उद्या बाराला नक्की.

मी फोन केला तेव्हा बारकूने उचलला.

"बारकू, तिला आत्ताच्या आत्ता गाडीत बसव. सत्कार ती आल्यावर करा की."

"सर, मानसा सकालपासून बसल्यात. साहेब उद्या येनार. तीच नसली तर सत्कार कोनाचा करायचा?"

"अरे, तिची जागा जाईल!"

"एका दिसानं काय व्हतंय सर? लगनातली मानसा पन एक दिस उशिरा येतात."

मी ओरडलो. तोंडाला येईल ते बोललो. त्याने फोन रविनाला दिला.

"तू निघ," मी म्हणालो. "विकासला घे आणि मागच्या वाटेने निघ."

"सर, सगळे माझ्यासाठीच बसलेत," ती म्हणाली. "मी गेले तर पप्पांना कोण तोंड दाखवू देईल?" मग म्हणाली, "राहू दे सर."

गाडी गेली. रविवारी सकाळी मी संस्थेत फोन लावून एका दिवसाची सवलत मागितली. समोरच्या बाई सभ्यपणे बोलल्या, पण रविना वेळेत पोचत नाही म्हटल्यावर यादीतल्या पुढच्या मुलीला त्यांनी लगेच कळवूनही टाकलं. ती त्याच शहरातली होती, संध्याकाळी पोचणार होती. मी रिक्षा करून वाडीवर गेलो. रविना नव्या साडीत मांडवात बसली होती. तिला सांगितलं. मला वाटलं, रडेल. रडली असती तर बरं झालं असतं.

"ठीक आहे सर," ती म्हणाली आणि माझ्यासाठी खुर्ची पुसली.

दौलतराव एकच्या सुमाराला आले. नवसीने लेकीला ओवाळलं. शाल झाली, नारळ झाला, फोटो झाले. दौलतरावांनी मुली शिकल्या पाहिजेत यावर बराच वेळ भाषण केलं. माझ्या डोक्यात राग नव्हता, काहीच नव्हतं. पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. बारकू पुढच्या रांगेत ताठ बसला होता. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता, आणि तो खूश दिसतो याचंच मला वाईट वाटत होतं.

शेवटी दौलतरावांनी माइकवरच विचारलं, "मग बेटा, निघायचं कधी?"

"गाडी काल होती साहेब," रविना म्हणाली. "माझी जागा दुसरीला दिली."

बारकूने माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. त्याचे हात मांडीवरून खाली आले आणि तसेच लोंबत राहिले.

दौलतरावांनी हसून तिच्या खांद्यावर हात ठेवला. "हात्तिच्या! एवढंच ना? पुढच्या वर्षी जा. पुढच्या वर्षी याहून मोठा सत्कार करू!"

लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या. रविनाने नारळ खाली ठेवला आणि तिनेही वाजवल्या.