पलीकडे राहिलेली कलबुतं

प्यो मालसुन बुसानच्या बूट-कारखान्यात लागली त्याला एकेचाळीस वर्षं झाली होती. पायाच्या आकाराच्या ज्या साच्यावर बूट ताणून बसवतात, ते कलबूत तासणं हे तिचं काम. आताचे मालक दो गिह्यन तिनं शाळेच्या दप्तरासकट पाहिलेले. पण खुर्चीवर बसले त्या दिवसापासून ती त्यांना न चुकता 'साहेब' म्हणायची.

साहेबांनी सीमेपलीकडे, उत्तर कोरियातल्या केसाँगच्या औद्योगिक वसाहतीत कारखाना घातला, तेव्हा उत्तरेकडच्या मुलींना शिकवायला तीच गेली. नऊ वर्षं सोमवारी सीमा ओलांडायची, शनिवारी परतायचं. तिकडे राजकारण बोलायचं नाही, घरचं विचारायचं नाही. म्हणून त्या मुलींची गटप्रमुख री गुमओक आणि ती बोलत, ते पायांबद्दल. कुणाचा चवडा रुंद, कुणाची करंगळी शेजारणीवर चढलेली.

"बाई, तुमच्या दक्षिणेतल्या बायकांना टाचा नसतातच का हो?" अरुंद टाचेचा नमुन्याचा बूट हातात धरून गुमओकनं एकदा विचारलं, आणि अख्खी रांग खाली मान घालून हसली.

त्या फेब्रुवारीत नववर्षाची सुट्टी सरते न सरते तोच बातमी आली. उत्तरेनं रॉकेट सोडलं, म्हणून इकडच्या सरकारनं वसाहत बंद केली. सामान आणायला सकाळी जाता येईल. एका कारखान्याचा एक ट्रक, दोन माणसं.

साहेब स्वतः ट्रक चालवत निघाले. कारखान्यात एकही मुलगी आलेली नव्हती. शिलाई यंत्रांवर कापडं नीट झाकलेली, कोपऱ्यात तीन हजार जोड तयार बूट आणि भिंतीभर फळ्यांवर कलबुतं.

"साहेब, आधी कलबुतं घ्या."

"ताई, माल वेळेवर गेला नाही तर गिऱ्हाईक तुटेल. तीन वर्षांपूर्वीही बंद केलंच होतं ना? पाच महिन्यांत उघडलं. कलबुतं उद्या, दुसऱ्या खेपेला."

मालसुनला आणखी भांडता आलं असतं. पण तिलाही ते पाच महिने आठवत होते. त्या वेळी परत आली, तर गुमओकनं एकेक कलबूत पुसून मापाप्रमाणे लावून ठेवलेलं. तिनं बुटांची खोकी उचलून दिली.

दुपारी ट्रक गेला. ती मागे राहून कलबुतं बांधत बसली. निम्मी बांधून झाली असतील, तेवढ्यात बाहेर भोंगा वाजू लागला. उत्तरेनं दक्षिणेकडच्या सगळ्यांना संध्याकाळच्या आत निघायला सांगितलं होतं, आणि फक्त अंगावरचं, वापरातलं सामान घेऊन.

तिनं नमुन्याच्या मापाच्या कलबुतांची एक जोडी पिशवीत कपड्यांखाली सारली आणि बसच्या रांगेत उभी राहिली. शिपायानं पिशवी उपसली.

"हे काय?"

"माझंच आहे. माझ्या पायाच्या मापाचं."

त्यानं तिच्या पायांकडे पाहिलं. वयानं तिच्या मुलाएवढा असेल. "कारखान्याचं आहे," तो हलकेच म्हणाला आणि जोडी बाजूच्या टेबलावर ठेवली. तिथं कुणाची कात्री होती, कुणाचे कागदी नमुने.

तीन हजार जोड वेळेवर पोचले. गिऱ्हाइकानं तेच बूट पुन्हा मागितले, तेव्हा ते ताणायला साहेबांकडे कलबुतंच नव्हती. ऑर्डर दुसरीकडे गेली. पाच महिने उलटले, मग वर्ष उलटलं. फाटक काही उघडलं नाही.

पुढच्या वसंतात साहेब तिच्या घरी आले. व्हिएतनाममध्ये जागा पाहिली होती. नवी कलबुतं तासून द्याल का, शिकवायला याल का, विचारत होते.

मालसुननं सूप वाढलं. "त्या देशाचं आणि आपलं बरं आहे ना?"

"आज तरी आहे."

"कलबुतं तासून देईन. पण ती इथंच राहतील. तिकडे नुसतं चामडं पाठवा."

साहेबांनी चमचा खाली ठेवला. "ताई, कलबुताशिवाय बूट कशावर ताणायचे?"

हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिनं त्यांच्या वाडग्यात आणखी सूप वाढलं, आणि साहेबही उठले नाहीत.